खण कुणासाठी लावायचा

रात्री अडीच वाजता भोसरीहून फोन आला. तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर बोलत होता. "मॅडम, रिकामा नग ठेवलाय, झीरो मारला, तरी काटा चारशे बारा दाखवतोय. काटा खराब म्हणावं तर हातानं दाबला की आकडा बरोबर वाढतोय." तो घाबरला नव्हता, वैतागलाही नव्हता. आधी सगळं नीट बघून घेतलं आणि मग फोन केला, असा त्याचा सूर होता. ४१२ ग्रॅम हे त्या रिकाम्या नगाचं वजन. म्हणजे काटा अगदी बरोबर मोजत होता. 'इथून पुढे शून्य धर' हे मात्र त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ही २०१३ सालची गोष्ट. मशीन होतं एक टेस्ट बेंच. ॲल्युमिनियमचा पोकळ नग ठेवायचा, त्यात ग्रीस भरायचं, किती भरलं ते वजनावरून ठरवायचं, मग झाकण लावून हवेचा दाब द्यायचा आणि कुठे गळती नाही ना ते बघायचं. कंट्रोलर बोर्डावर आमचं सी भाषेतलं फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच भरून ठेवलेला प्रोग्राम, होतं आणि त्या फर्मवेअरच्या पोटात लुआ या दुसऱ्या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा भाग. नग बदलला की कामाचा क्रम बदलतो. दर वेळी फर्मवेअर नव्यानं भरण्यापेक्षा हा क्रम छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेला बरा, म्हणून ही रचना. व्हॉल्व्ह उघडणं, वजन घेणं, दाब मोजणं ही खरी कामं सी करणार. कुठलं काम कधी, हे लुआ सांगणार.

लुआ ही ब्राझीलची भाषा. रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली रॉबेर्तो येरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके द फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी ती घडवली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. दुसऱ्या प्रोग्रामच्या आत राहण्यासाठीच ती जन्मली, म्हणून अंगानं अगदी बारीक, आणि सीशी तिचं बोलणं एका स्टॅकवरून चालतं: यानं वर ठेवायचं, त्यानं उचलायचं. मला ही भाषा तेव्हाही आवडायची आणि आजही आवडते. त्या रात्री जे झालं त्यात तिचा दोष नव्हता.

झालं होतं असं. आमच्याकडे तेव्हा सीमध्ये लिहिलेली २६ मॉड्यूलं, म्हणजे एकेका कामाच्या फंक्शनांचे गट, होती आणि ती सगळी एका ओळीत, एकाच पातळीवर उभी होती. इंटरप्रिटर सुरू होताना मुख्य फाइलमधल्या २६ ओळी एकामागून एक चालायच्या. प्रत्येक ओळ आपापली फंक्शनं एका नावाखाली नोंदवायची आणि ते नाव सगळ्या स्क्रिप्टना आपोआप दिसायचं. यातल्या दोन मॉड्यूलांचं नाव एकच होतं: स्केल. एकानं वजनकाट्यासाठी लिहिलेलं, त्याच्या लेखी स्केल म्हणजे काटा. दुसऱ्यानं दाबाच्या सेन्सरचा कच्चा आकडा बार या एककात आणण्यासाठी लिहिलेलं, त्याच्या लेखी स्केल म्हणजे पट. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. मराठीत लिहीत असते तर एकानं काटा लिहिलं असतं, दुसऱ्यानं पट, आणि हे भांडण झालंच नसतं.

मग हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण सी भाषेच्या बाजूनं दोघांच्या सुरुवातीच्या फंक्शनांची नावं वेगळी होती. एकाचं लोड-स्केल, दुसऱ्याचं प्रेशर-स्केल. प्रोग्रामचे सुटे भाग जोडणाऱ्या लिंकरला टक्कर दिसली नाही, तो गप्प राहिला. 'स्केल' ही अक्षरं फक्त अवतरण चिन्हात होती आणि अवतरणातलं लिंकर वाचत नाही. पुढे लुआच्या ५.१ या आवृत्तीत नोंदणी करणाऱ्या फंक्शनची एक रीत आहे: त्या नावाचं टेबल, म्हणजे नावानिशी वस्तू ठेवायचा लुआचा खण, आधीपासून असेल तर नवं बनवायचं नाही, त्याच टेबलात भर घालायची. एकच मॉड्यूल दोन फायलींतून भरणाऱ्याला ही रीत सोयीची. आमच्याकडे मात्र दोन अनोळखी माणसं एकाच खोलीत राहायला आली. बहुतेक फंक्शनांची नावं वेगळी होती, म्हणून वर्षभर संसार सुरळीत चालला. फक्त 'झीरो' दोघांकडे होतं. जो नंतर नोंदवला जाई, त्याचं झीरो उरे. वजनवाला नंतर यायचा, म्हणून झीरो म्हणजे काट्याचं शून्य असं सगळ्या स्क्रिप्ट धरून चालल्या होत्या.

आदल्या आठवड्यात मी त्या २६ ओळी अकारविल्हे लावल्या. वाचायला सोप्या पडाव्यात म्हणून. ल आधी, प नंतर, कारण इंग्रजी वर्णमालेत एल आधी आणि पी नंतर. वजनवाला वर गेला, दाबवाला खाली आला, आणि झीरो बदललं.

काट्यावरचे ४१२ ग्रॅम निदान डोळ्यांना दिसले. दुसरी बाजू अधिक वाईट होती. त्या पाळीत शून्य करण्याचा हुकूम दाबाच्या सेन्सरला जात होता. नळीत थोडी हवा शिल्लक असताना हुकूम गेला, तर तेवढा दाब शून्य धरला जाई आणि पुढे पडद्यावर दिसेल त्यापेक्षा खरा दाब जास्त असे. मशीनवरचा रिलीफ व्हॉल्व्ह स्प्रिंगचा होता, तो उघडायला लुआची परवानगी घेत नाही, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही. पण त्या पाळीतले सगळे नग बाजूला काढावे लागले. पहाटे त्या क्रेट मोजताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती: मी काहीही चुकीचं लिहिलं नव्हतं, फक्त ओळी नीट लावल्या होत्या. ओळी नीट लावल्यानं अर्थ बदलत असेल, तर अर्थ नको त्या जागी ठेवला गेला आहे.

सकाळी घरी आले ते थेट आत्याकडे. नारायण पेठेत आमच्या खालच्याच मजल्यावर ती राहायची. नोकरीची सगळी वर्षं तिनं येरवड्याला डेक्कन कॉलेजात, संस्कृत कोशाच्या कामात घालवली होती. मी नऊ वर्षांची असताना ती मला एकदा तिथे घेऊन गेली होती. मनपाहून बस, मग ते जुनं दगडी आवार, आणि आत खणांनी भरलेली कपाटंच कपाटं. प्रत्येक खणात हाताएवढ्या चिठ्ठ्या दाटीनं उभ्या. हे काम सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली सुरू केलं. वेदांपासून पुढच्या सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचले, एकेका वापराची एकेक चिठ्ठी केली, आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पहिला खंड छापून यायला १९७६ साल उजाडलं.

लहानपणी मला तिथे पडलेला प्रश्न आत्याला चांगला आठवत होता. मी विचारलं होतं, "चिठ्ठ्या पुस्तकातून काढल्या ना, मग पुस्तकाप्रमाणे का नाही लावल्या?" आणि ती म्हणाली होती, "अगं, पुस्तकाप्रमाणे लावल्या तर त्या ज्यानं काढल्या त्याला सापडतील. कोश उघडणारा पुस्तक शोधत येत नाही, शब्द शोधत येतो."

त्या सकाळी चहा पिताना मी तिला स्केलची सगळी हकीकत सांगितली. संगणकाचा भाग तिनं बाजूला ठेवला आणि नेमकं विचारलं, "तुमच्या चिठ्ठ्या कशाप्रमाणे लावल्यात?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला. आमच्या चिठ्ठ्या ज्यानं काढल्या त्याच्याप्रमाणे लावलेल्या होत्या. फोल्डर होते ते ड्रायव्हर, प्रोटोकॉल, युटिल, आणि एक 'मिसलेनियस' नावाची अडगळीची खोली. वजनकाटा सिरियल केबलवरून बोलतो म्हणून त्याचं अर्धं मॉड्यूल प्रोटोकॉलमध्ये. ग्रीसच्या पंपाची वेळ मोजायचं फंक्शन युटिलमध्ये, कारण लिहिणाऱ्याला त्यात फक्त घड्याळ दिसलं. मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला काटा दिसतो, पंप दिसतो, दाबाची नळी दिसते, लाल-हिरवा दिवा दिसतो.

दुसऱ्या दिवसापासून मॉड्यूलांची पॅकेजं, म्हणजे एका मूळ नावाखालचे गट, करायला घेतली. आमच्या गटाचे प्रमुख, ज्यांना सगळा विभाग काका म्हणतो, त्यांचं पहिलं म्हणणं असं की नुसतं नाव बदला. स्केल एक, स्केल दोन. किंवा एकाला 'न्यू स्केल' म्हणा. मी त्यांना म्हटलं, "काका, आपल्या गावात नव्वद वर्षांचा नवा पूल आहे." ते हसले आणि तो विषय तिथेच सुटला. पण पुलांचा विचार माझ्या डोक्यात राहिला. लकडी पुलाला आज लाकूड नाही. कागदोपत्री तो छत्रपती संभाजी पूल. १९६१ साली पानशेत फुटून आलेल्या पुराचा मारही त्यानं खाल्ला. तरी रिक्षावाल्याला लकडी पूल म्हटलं की तो बरोबर नेतो. खालचं बांधकाम बदललं तरी वरून जाणाऱ्याच्या तोंडातलं नाव चालू राहतं, आणि नावाकडून अपेक्षाही तेवढीच असते. 'नवा' हे नाव मात्र फार थोडे दिवस खरं असतं.

लुआमध्ये हे नाव आणि ती जागा यांच्यामध्ये कोण उभं असतं, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. स्क्रिप्टमध्ये आपण 'रिक्वायर' म्हणतो आणि अवतरणात एक नाव देतो, समजा "बेंच.वेट". इंटरप्रिटर आधी आपली वही बघतो: हे नाव आधीच आणलेलं आहे का? असेल तर तेच हातात देतो, पुन्हा काही करत नाही. नसेल तर चार शोधकांना क्रमानं विचारतो. पहिला बघतो 'प्रीलोड' नावाच्या टेबलात, तिथे यजमान प्रोग्रामनं आधीच काही ठेवून दिलंय का. दुसरा लुआतच लिहिलेली फाइल शोधतो. नावातलं टिंब तो फोल्डरची तिरकी रेघ समजतो, म्हणून बेंच फोल्डरातली वेट नावाची फाइल. तिसरा याच रीतीनं सीची कंपाइल झालेली लायब्ररी शोधतो. आणि चौथा जरा वेगळा विचार करतो. तो पूर्ण नाव बाजूला ठेवून फक्त मूळ शब्द घेतो, बेंच. बेंच नावाची एकच लायब्ररी मिळाली, तर तिच्या आत 'लुआओपन_बेंच_वेट' या नावाचं फंक्शन आहे का ते बघतो. असेल तर काम झालं. म्हणजे २६ मॉड्यूलं एका लायब्ररीत गाठोडं बांधून ठेवता येतात आणि तरी प्रत्येकाचं दार वेगळं राहतं. जे मागितलं तेवढंच दार उघडतं.

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. "हे तर सर्वादि आहे!" पाणिनीला सर्वनामांची व्याख्या करायची होती तेव्हा त्यानं सूत्रात सगळी यादी दिली नाही. 'सर्वादीनि सर्वनामानि' एवढंच म्हटलं: सर्व हा शब्द ज्यांच्या आरंभी आहे ते सगळे. पूर्ण यादी वेगळी, गणपाठात, म्हणजे शब्दगटांच्या याद्यांत. सर्व, विश्व, उभ, उभय अशी ती पुढे जाते. सूत्रात फक्त पहिलं नाव यायचं, त्या नावाचं बोट धरून गणपाठात जायचं, आणि आत हवा तो शब्द शोधायचा. आत्यानं आणखी एक गोष्ट दाखवली जी मला माहीत नव्हती. त्या यादीत सुटे शब्द आहेत आणि मध्येच डतर, डतम असे प्रत्ययही आहेत. जात वेगळी, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीनं वागणूक एक, म्हणून एका गणात. मी वहीत लिहून घेतलं. आमच्या पॅकेजमध्येही काही मॉड्यूलं सीची असणार होती आणि काही लुआतच लिहिलेली. वापरणाऱ्याला ते कळायचं काहीच कारण नव्हतं.

तिनंच पुढे सांगितलं की काही गण बंद असतात आणि काही उघडे. पृषोदरादि हा उघडा गण, त्याला आकृतिगण म्हणतात; त्याच धाटणीचा नवा शब्द भेटला तर त्यात घेता येतो. सर्वादीत अशी भर घालता येत नाही. कंट्रोलर बोर्डावर आम्हाला बंद गणच परवडणारा होता. त्या बोर्डावर चालू प्रोग्रामला बाहेरून लायब्ररी जोडण्याची सोयच नव्हती. तिसऱ्या-चौथ्या शोधकाला विचारलं तर 'डायनॅमिक लायब्ररी चालू नाहीत' असं सरळ उत्तर मिळायचं. म्हणून तिथे सगळी मॉड्यूलं प्रीलोडमध्ये ठेवली. ती फर्मवेअरसोबतच जन्मतात, फर्मवेअरसोबतच जातात. ऑफिसातल्या संगणकावर मात्र मशीनचं एक नकली रूप चालतं, स्क्रिप्ट आधी तिथे तपासायच्या म्हणून. तिथे बेंच नावाची एक लायब्ररी, आणि चौथा शोधक. स्क्रिप्ट दोन्हीकडे अक्षरशः तीच. पुढे अहवाल छापणारं मॉड्यूल आम्ही सीतून काढून लुआत लिहिलं. ते दुसऱ्या शोधकाला सापडू लागलं आणि एकाही स्क्रिप्टला हात लावावा लागला नाही. लकडी पुलाचं लाकूड काढलं तसं.

याचा एक फायदा मी आधी मोजलाच नव्हता. प्रीलोडमध्ये फक्त दाराची किल्ली असते. मॉड्यूलचं टेबल बनतं ते कुणी रिक्वायर म्हटल्यावर. पूर्वी २६च्या २६ सुरुवातीलाच मेमरीत येऊन बसायची, आता एखाद्या स्क्रिप्टला पाच लागली तर पाचच येतात. त्या छोट्या बोर्डावर ही मोठी मोकळीक होती.

सगळ्यात जास्त वाद झाला तो टिंबावरून. दोन दिवस. संगणकाच्या बाजूचं काम करणारा आमचा सहकारी पायथन या दुसऱ्या भाषेत मुरलेला. पायथनमध्ये "बेंच.वेट" आणायचं तर आधी बेंच येतं, मग त्याच्या आत वेट शोधलं जातं, आणि बेंचकडे आत शोधण्याचा मार्गच नसेल तर 'हे पॅकेज नाही' म्हणून काम थांबतं. आईबाप आधी, मूल नंतर. पायथन दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात बसवतानाही घरची मॉड्यूलं इंटरप्रिटर जागा होण्याआधी यादीत घालावी लागतात, नंतर घालून चालत नाही. ही शिस्त मला मान्य आहे. पण लुआत अवतरणातलं "बेंच.वेट" हे एक सलग नाव आहे. टिंब हे त्या नावातलं एक अक्षर. बेंच नावाचं काही अस्तित्वात असायलाच हवं असं नाही. याउलट स्क्रिप्टच्या अंगात, अवतरणाबाहेर, बेंच.वेट लिहिलं तर ते टिंब क्रिया आहे: बेंच नावाचं टेबल घे, त्यातून वेट काढ. दिसायला एक, पण एक टिंब नावातलं आणि एक हातातलं. नवशिक्याचा पाय नेमका इथे घसरतो. वर रिक्वायर "बेंच.वेट" केलेलं असतं, खाली बेंच.वेट.झीरो लिहितो, आणि इंटरप्रिटर म्हणतो बेंच म्हणजे कोण, मला माहीत नाही.

सहकाऱ्याचं म्हणणं, मग बेंच नावाचं एक वडीलधारं टेबल ठेवू. त्याला मेटाटेबल, म्हणजे टेबलात नसलेलं काही मागितलं तर काय करायचं ते सांगणारं जोडटेबल, लावू; जो मुलगा मागितला तो त्या क्षणी आणून देईल. लिहिणाऱ्याला एकच ओळ पुरेल. काकांनाही हे पटलं. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही अवघड नाही, सहज दहा-बारा ओळींचं काम. मी मात्र नको म्हणत राहिले, आणि माझं कारण तांत्रिक नव्हतं. स्क्रिप्टच्या डोक्यावर पाच ओळी असल्या, वेट, पंप, प्रेशर, व्हॉल्व्ह, लॅम्प, की वाचणाऱ्याला लगेच कळतं ही स्क्रिप्ट मशीनच्या कुठल्या पाच अवयवांना हात लावणार आहे. रात्री अडीचला मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला ते वाचता आलं पाहिजे. दाबाशी काही संबंध नसलेल्या स्क्रिप्टच्या डोक्यावर प्रेशर दिसलं, तर त्यानं तिथेच हात थांबवावा. एका ओळीत सगळं बेंच आणलं की ही खूण पुसली जाते. शेवटी काका म्हणाले, "ओळी जास्त होऊ देत, बाई. तू म्हणतेस तसं कर."

काही गोष्टी करताकरता शिकलो. लुआ सीचं फंक्शन शोधताना नावातल्या टिंबाची खालची रेघ करते. म्हणजे "बेंच.एअर_लाइन" आणि "बेंच.एअर.लाइन" दोन्ही एकाच फंक्शनकडे बोट दाखवतात. म्हणून मॉड्यूलच्या नावात खालची रेघ वापरायची नाही असा नियम केला. नोंदणीच्या फंक्शनला नाव देणंही बंद केलं. ५.१मध्ये तिथे टिंब असलेलं नाव दिलं तर ते ग्लोबल, म्हणजे सगळीकडून दिसणाऱ्या, टेबलांची उतरंड रचून ठेवतं आणि मग कुणीही रिक्वायर न करता आत शिरतो. नाव रिकामं ठेवायचं, फंक्शनं नुसत्या टेबलात भरायची आणि ते टेबल परत द्यायचं. कुठल्या नावानं ओळखायचं ते मागणारा ठरवेल. लुआच्या कर्त्यांनीही पुढे हीच वाट धरली. ५.१मध्ये २००६ साली आलेलं 'मॉड्यूल' हे फंक्शन ग्लोबल नावं पसरवायचं, ते त्यांनी २०११च्या ५.२मध्ये मागे घेतलं. ते वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. रिओतल्या लोकांनाही अनुभवानंच हे कळलं होतं.

जुन्या स्क्रिप्टचं काय करायचं, हा प्रश्न मात्र नाजूक होता. चाकण, रांजणगाव, भोसरी, जिथे जिथे आमची मशीनं गेली होती तिथे लोकांनी आपापल्या स्क्रिप्ट लिहिल्या होत्या. स्केल हे नाव एका रात्रीत काढून टाकलं असतं तर त्या सगळ्या 'माहीत नाही' म्हणून पडल्या असत्या, आणि पडण्याचं कारण कुणाला कळलं नसतं. म्हणून आम्ही स्केल नावाचं टेबल ठेवलं, पण आत एकही फंक्शन नाही. कुणी त्यातलं काही मागितलं की ते थांबतं आणि सांगतं: तुमच्या स्क्रिप्टच्या अमुक ओळीत स्केल आहे, काटा हवा असेल तर बेंच.वेट आणा, दाब हवा असेल तर बेंच.प्रेशर. ओळीचा क्रमांक मागणाऱ्याच्या फाइलीतला यावा, आमच्या नव्हे, याची काळजी घेतली. लुआच्या 'एरर'ला पातळी दोन दिली की तो येतो. अंदाजानं एक निवडून चालू ठेवणं सोपं होतं. पण अंदाज एकदा करून झाला होता, ४१२ ग्रॅमच्या रात्री. तो संदेश मी मराठीतही लिहिला. आमच्या पडद्यावर देवनागरी उमटवायला आणखी एक आठवडा गेला आणि तो आठवडा मी हट्टानं मागून घेतला.

आत्या २०१९ साली गेली. तिच्या कपाटात मला चिठ्ठ्यांची एक छोटी पेटी सापडली. कोशाच्या नव्हेत, घरच्या. लोणच्याचं प्रमाण, कुणाच्या लग्नात काय दिलं, पाण्याच्या मोटरचा मेकॅनिक. वर डाव्या कोपऱ्यात शब्द, उजवीकडे तारीख. मोटरच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात 'मोटर' नव्हतं, 'पाणी' होतं. बरोबरच आहे. नळ कोरडा पडला की घरातला माणूस पाणी म्हणत येतो.

पॅकेजची यादी आता बरीच वाढली आहे. लुआची आवृत्ती दोनदा बदलली, बोर्ड बदलला, नव्या बोर्डावर लायब्ररी बाहेरूनही जोडता येते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे नव्यानं आलेल्या मुलीनं हवेतली ओल मोजणारं मॉड्यूल लिहिलं. कॉम्प्रेसरची हवा दमट असली की गळतीच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून. छान लिहिलं होतं. नाव काय द्यायचं, कुठे ठेवायचं, यावर आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत बोलत बसलो. तिचं म्हणणं बेंच.सेन्सर असा नवा खण करू, पुढे तापमानही त्यात येईल. मला ते पटत नव्हतं, पण माझ्याकडेही चांगली जागा नव्हती. मला वाटत होतं ते हवामानाशी जावं.

मग आम्ही खाली शॉपवर गेलो. तोच ऑपरेटर, आता पहिल्या पाळीला असतो, शिफ्टचा प्रमुख झालाय. तिनं त्याला विचारलं, "दादा, हवा ओली आहे का ते तुम्ही कधी बघता?"

तो म्हणाला, "सकाळी आलो की आधी दाबाची नळी सोडतो ना, तेव्हा. पाणी आलं तर आजचा दाब खरा नाय." आणि त्यानं मशीनच्या डाव्या अंगाला, दाबाच्या घड्याळाखालच्या छोट्या नळावर हात ठेवला.

ती वर आली आणि तिनं प्रीलोडच्या यादीत, प्रेशरच्या खालच्या ओळीत, "बेंच.प्रेशर.मॉइश्चर" लिहिलं.